गाळलेला पणजोबा

आमच्या शेखला एक शब्द फार प्रिय होता: असबिया. आपलं रक्त ते आपलं, आपला माणूस चुकला तरी आपलाच, आणि एकावर वार झाला की सगळ्यांनी उठायचं, असा त्याचा अर्थ. शेख हाइल हा शब्द लग्नात वापरायचा, मयतीत वापरायचा, मशिदीच्या नळाला पाणी आलं तेव्हाही त्याने तो वापरला होता. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचे. या शब्दावर मोठमोठ्या विद्वानांनी डोकं शिणवलंय, राज्यं कशी उभी राहतात नि कशी कोसळतात ते त्यावरून सांगितलंय. ऐन-सरारमध्ये त्याचा उपयोग एवढाच होता, की भाषणात टाळी कुठे वाजवायची ते लोकांना कळायचं.

आमचं कूळ आल-मिजबिल. करकच्या डोंगरात तीन वस्त्या, दोन ऑलिव्हच्या घाण्या आणि एक मदाफा. मदाफा म्हणजे कुळाची बैठक. तिथे पाहुणा उतरतो, भांडण मिटतं, आणि ज्यांना घरी बायको विचारत नाही ते दिवसभर गाद्यांवर रेलून कॉफी पितात. त्या मदाफ्याच्या मुख्य भिंतीवर शेखने निवडणुकीच्या वर्षी वंशवृक्ष लावला होता. भिंतभर उंच, सोनेरी पानांचा, अम्मानहून आणलेल्या चित्रकाराने रंगवलेला. खाली कुळातल्या चाळीस वडीलधाऱ्यांचे शिक्के आणि अंगठे, की हे सगळं खरं आहे. एवढा खर्च करून शेख निवडणूक हरलाच. एक रक्त, एक रक्त म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी दुसऱ्याला मत दिलं होतं.

त्या वंशवृक्षाची नावं मी गोळा केली होती. पुरुषांना विचारून उपयोग नव्हता, त्यांना फक्त लढवय्ये आठवत होते. मी म्हाताऱ्या बायकांकडे गेले, वही घेऊन, आठ महिने. कोण कोणाचा, कोणाला किती पोरं, कोण कशाने मेलं, सगळं लिहिलं. शेखच्या घराण्याची ओळ अशी निघाली: हाइलचा बाप नाइफ, त्याचा बाप धियाब, त्याचा सुवैलिम, त्याचा हमदान, त्याचा शुरैम, आणि मग कुठे मूळ पुरुष मिजबिल.

शेखने वही वाचली आणि सुवैलिमवर बोट ठेवलं.

"हा कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचा पणजोबा आहे, अबू नाइफ." आजोबाचं नाव मिळालेल्या थोरल्या मुलावरून शेखला सगळे अबू नाइफ, नाइफचा बाप, म्हणायचे.

"लोकांच्या शेळ्या राखायचा तो. आणि तुर्कांचे शिपाई आले तेव्हा जवाच्या बळदात लपला होता म्हणतात."

"म्हणतात काय, लपलाच होता. तीन दिवस. बायकांनी सांगितलं."

"बायकांना काय अक्कल! धियाबला जदआनचा मुलगा लिही."

जदआन आमचा, माझा सख्खा पणजोबा. तुर्कांच्या चौकीवर चालून गेला, पोटात गोळी घेतली आणि तरी वीस वर्षं जगून सगळ्यांना ती कथा ऐकवत राहिला. शेखला तो पणजोबा म्हणून हवा होता. मी नाही म्हणाले. शेखने चित्रकाराला परस्पर सांगितलं. सुवैलिम, हमदान आणि शुरैम तिघंही भिंतीवर चढलेच नाहीत, आणि शेखची फांदी जदआनच्या बुंध्यातून फुटली. चाळीस जणांनी अंगठे दिले. त्यांतल्या किमान दहा जणांनी सुवैलिमला डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे सगळं असंच भिंतीवर धूळ खात राहिलं असतं. पण कासिबने माणूस मारला.

कासिब माझा चुलत-चुलतभाऊ. आडदांड, डोक्याने हलका, मनाने वाईट नाही. शनिवारी बाजारात त्याच्या पिकअपपुढे आल-तुवैरिश कुळातल्या बखीतने आपली गाडी आडवी लावली. "काढ", "नाही काढत", एवढंच. दोघंही दोन मिनिटांत शिव्या देऊन घरी गेले असते. पण आमचे दहा-बारा वीर खाटकाच्या दुकानासमोर उभे होते, आणि त्यांतला शेखचा पुतण्या ओरडला, "मिजबिलच्या वाघा, मागे हटू नकोस! आम्ही आहोत!" लग्नात हवेत उडवायला ठेवलेलं पिस्तूल कासिबच्या गाडीत होतं. बखीत जागेवर गेला. त्याला दोन लहान मुली होत्या. कासिब पिस्तूल हातात धरून वळला, तर मागे "आम्ही आहोत"वाल्यांपैकी एकसुद्धा नव्हता. तो एकटाच चालत पोलीस चौकीत गेला.

त्या काळी आमच्याकडचा नियम कडक होता. खून झाला, की खुन्याच्या पाच पिढ्यांतल्या सगळ्या घरांनी मुलूख सोडायचा. मेलेल्याच्या माणसांच्या नजरेला पडायचं नाही, म्हणजे रागाच्या भरात आणखी रक्त सांडत नाही. परत कधी यायचं ते मेलेल्याच्या घरच्यांनी ठरवायचं. कधी पाच वर्षं, कधी पंधरा. संध्याकाळच्या आत तिसऱ्या कुळाचा शेख जुरैद मध्यस्थ म्हणून आला, त्याने सहा दिवसांचा तह घेतला आणि सांगितलं, सोमवारी मोजणी, शुक्रवारपर्यंत गाव खाली.

आमचं घर जाणार हे मोजायच्या आधीच ठरलेलं होतं. माझा भाऊ मुतलक, त्याची बायको, चार पोरं, मी आणि आई. जदआन आमचाही पणजोबा, कासिबचाही पणजोबा. मुतलकची पावाची भट्टी जाईल, माझी शाळा जाईल, त्याचं मला एवढं नव्हतं. मला आईचं होतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणावर, आणि डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिच्या हृदयात आता फार दिवस नाहीत. तिची खाट खिडकीशी होती. खिडकीतून बाबांची कबर दिसायची, आणि शेजारची मोकळी जागा. ती जागा तिने स्वतः दगड लावून राखून ठेवली होती. "मला तिथे न्यायला चार पावलं पडतील," ती म्हणायची, "कोणाला त्रास नाही." आता तिला दोनशे किलोमीटरवर, मफ्रकच्या वाळवंटात, कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीत मरायचं होतं, कारण कासिबला बाजारात जागा मिळाली नाही.

रविवारी मदाफ्यात आमच्या पुरुषांनी मोजणीचा सराव केला. मी कॉफी द्यायच्या खिडकीपलीकडे, स्वयंपाकघरात होते. असा तमाशा मी जन्मात पाहिला नाही.

पद्धत जुनी आहे. खंजीर मुठीत धरायचा, पाची बोटांनी. मग बापाचं नाव घ्यायचं, एक बोट उचलायचं. आजोबाचं नाव, दुसरं बोट. असं वर जायचं. खंजीर हातात असेपर्यंत खुन्याचा आणि आपला एकच पूर्वज आला, तर बोचकं बांधायचं. पाचवं बोट सुटून खंजीर खाली पडला आणि त्यानंतर आला, तर मोकळे.

कालपर्यंत ज्यांना तिसऱ्या आजोबाचं नाव विचारलं तर डोकं खाजवायचे, त्यांना एका रात्रीत जास्तीचे आजोबा सापडले. चुलता सलामा म्हणाला, मध्ये एक रशीद होता, तो लहानपणी वारला.

"लहानपणी वारला तर तुझा आजोबा कसा झाला रे?" कोणीतरी विचारलं.

"लग्न झालं होतं त्याचं. लवकर."

दुसरा एक जण म्हणाला, आपण मुळात या कुळाचे नाहीच, आपला खापरपणजोबा हेब्रोनहून आलेला फेरीवाला होता. हाच गृहस्थ दर ईदला छाती ठोकून मिजबिलचे पोवाडे म्हणायचा. खंजीर खणाखण पडत होते. पडला की पडणाऱ्याचा चेहरा असा उजळायचा, जणू पोरगा झाला. आणि वर प्रत्येक जण म्हणायचा, "अल्लाची मर्जी. नाहीतर मी आधी निघालो असतो." बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. शेख हाइल मधोमध बसून सगळ्यांना धीर देत होता.

"जे जातील त्यांनी काळजी करू नये. त्यांची घरं, झाडं, मी सांभाळीन. मी इथे आहे."

मी खिडकीतून बोलले. बाईने बोलायचं नसतं, पण माझ्या हाताखाली त्यांच्या सगळ्यांच्या पोरी शिकल्यात.

"अबू नाइफ, आल-तुवैरिशकडे एक शब्द टाका. आजारी माणसाला मुभा मागा. फक्त माझ्या आईसाठी."

"मागणं म्हणजे झुकणं, वद्हा. आपलं कूळ झुकत नाही."

"तुमच्या कुळाची कंबर ताठ राहावी म्हणून माझ्या आईने ट्रकमध्ये मरायचं का?"

"मास्तरीणबाई, हा तुमचा वर्ग नाही," शेखचा पुतण्या म्हणाला, आणि सगळे हसले. हाच तो, "मागे हटू नकोस"वाला. त्याचा खंजीर अर्थातच पडला होता.

मग दुपारच्या नमाजानंतर जुरैदचा निरोप आला. आल-तुवैरिश म्हणतात, आल-मिजबिलच्या तोंडी मोजणीवर आमचा भरवसा नाही, यांच्याकडे रोज नवे आजोबा जन्मतात. मोजणी भिंतीवरच्या वंशवृक्षावरून होईल. चाळीस वडिलांचे अंगठे आहेत ना त्यावर? मग तेच प्रमाण.

शेखची पाचावर धारण बसली. नाइफ, धियाब, जदआन. तिसऱ्याच बोटाला कासिबचा पणजोबा.

तासाभरात तो आमच्या दारात. एकटा, काठी नाही, पुतण्या नाही. आईच्या खाटेशी आला, तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं, "काकी, बरी आहेस ना?" विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग मला ओसरीवर बोलावलं.

"वद्हा बेटा, ती तुझी वही आहे ना? म्हाताऱ्यांच्या तोंडची? त्यात सुवैलिम आहे, हमदान आहे..."

"शुरैमही आहे."

"हां, शुरैम, देव त्याचं भलं करो. सांगणाऱ्या बायकांच्या खुणा पण आहेत ना पानापानावर? ती वही उद्या जुरैदसमोर ठेव. सांग, चित्रकाराची चूक झाली. तुझ्या शब्दाला मान आहे."

"आणि आईचं?"

"आधी मला तर इथे राहू दे! मी राहिलो तर तुमचं काही बघता येईल. सगळेच गेले तर मागे कोण?"

"म्हणजे माझ्या आईसाठी मागणं झुकणं, आणि तुमच्यासाठी पणजोबा परत आणणं?"

"दोन्हीची तुलना करतेस? मी कुळाचा शेख आहे."

त्या क्षणी मला त्याचा असा संताप आला, की मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलले.

"वही नाही, अबू नाइफ. गेल्या थंडीत उंदरांनी कुरतडली, मी भट्टीत टाकली."

वही आईच्या गादीखाली होती. तो त्या गादीपासून सहा पावलांवर उभा होता.

"अक्कल गहाण ठेवली होती का?" तो ओरडला. "असली वस्तू जाळतात?"

"तुम्हीच म्हणालात, बायकांना काय अक्कल."

तो गेल्यावर आईने हाक मारली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"सुवैलिमला भिंतीवरून का गाळला ग याने?" ती म्हणाली. "आमच्या बापाच्या शेळ्या राखायचा तो. मी एवढीशी होते. घाबरट होता, आवाज झाला की दचकायचा. पण पावसात एक करडू जरी मागे राहिलं, तरी रडत रडत परत जायचा आणायला. चांगला होता म्हातारा." मग तिने विचारलं, "नौफाकडे कोणी गेलं का?"

नौफा म्हणजे कासिबची आई. विधवा. तिचा आणि आईचा साठ वर्षांचा शेजार. एकीला ताप आला की तिची पोरं दुसरीच्या घरी जेवायची, असा तो संबंध. नौफाकडे कोणी गेलं नव्हतं. कासिबची बायको पोरं घेऊन माहेरी निघून गेली होती. मी आईला म्हटलं, "बघते." मी गेले नाही. मला दुसरं काम होतं. मी शेखला कोंडीत पकडलं होतं आणि त्याची मजा माझ्या डोक्यात भिनली होती, खोटं कशाला सांगू.

सोमवारी आल-तुवैरिशकडून बखीतचा काका आला, म्हातारा, ताठ, डोळे सुजलेले. जुरैद मध्ये बसला. मुतलकची पाळी आली, त्याने शांतपणे तीन नावं घेतली, खंजीर खाली ठेवला आणि उठला. त्या मदाफ्यात सरळ मोजणारा तो एकटा. कालचे रशीद आणि फेरीवाले भिंतीवर नव्हते, त्यामुळे काल सुटलेले सतरा जण आज अडकले. शेवटी शेख.

"नाइफ," तो म्हणाला आणि एक बोट उचललं. "धियाब." दुसरं. मग थांबला.

"पुढे?" जुरैद म्हणाला.

"सुवैलिम."

बखीतचा काका भिंतीकडे वळला. चष्मा नाकावर चढवला. फांदीवरून बोट फिरवलं.

"इथे जदआन लिहिलंय."

"चित्रकाराची चूक आहे ती."

"आणि हे चाळीस अंगठे? तेही चित्रकाराचेच का?"

कोणी हसलं नाही. त्या म्हाताऱ्याचा पुतण्या दोन दिवसांपूर्वी मातीत गेला होता. शेखने चाळीस अंगठेवाल्यांकडे पाहिलं. अरे, सांगा ना कोणीतरी, सुवैलिम होता! एकही जण बोलला नाही. बोलणारा स्वतः खोटा ठरला असता, अंगठा त्याचाच होता. आणि दुसरं खरं कारण मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं: आपण जाणार तर हाही जाऊ दे. ही आमची असबिया. शेखने खंजीर ठेवला, तेव्हा त्याची दोन बोटं हवेत तशीच राहिली होती.

आणि मग चमत्कार झाला. जे कूळ झुकत नव्हतं, ते मंगळवारी सकाळपासून झुकायला लागलं. शेखने मफ्रकपासून अकाबापर्यंत फोन लावले. दोन माजी मंत्री, एक निवृत्त सेनापती, चार कुळांचे शेख, मशिदींचे इमाम, जो मिळेल तो. बुधवारी दीडशे गाड्यांचा ताफा आल-तुवैरिशच्या तंबूपाशी गेला. आमच्याकडे असा ताफा गेला की यजमान कॉफी देतो. आलेल्यांचा म्होरक्या पेला खाली ठेवतो, पीत नाही. मागणी मान्य झाली तर पितो. शेख हाइलने सगळ्यांच्या आधी पेला ठेवला आणि बोलायला उभा राहिला. मुतलक तिथे होता, त्याने घरी येऊन सगळं सांगितलं.

"काय बोलला माहितीय? म्हणे, एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं हा इस्लामच्या आधीच्या, अज्ञानाच्या काळातला रिवाज आहे. आपण सगळे एक उम्मत, एकाच धर्माचे बांधव आहोत, कूळबीळ नंतर. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आहेत, म्हणे, त्यांचा काय दोष? तुझ्या आईचं, म्हणजे आपल्या आईचं नाव घेऊन रडला."

"रडला?"

"खरं पाणी. दाढीवरून ओघळत होतं."

"खरंच असणार. स्वतःचं घर सोडायचं होतं त्याला."

बखीतचा बाप उठून उभा राहिला. मग म्हणाला, मला कोणाच्या म्हाताऱ्यांना रस्त्यावर काढायचं नाही. पण कासिबचं घर माझ्या वाटेवर आहे. त्या घराचं दार मला उघडं दिसता कामा नये. तेवढं बंद करा, बाकीचे राहा. मुतलक म्हणाला, त्याचं वाक्य संपायच्या आत शेख "मान्य" म्हणाला आणि गार कॉफी एका घोटात प्यायला. दीडशे गाड्यांतले सगळे प्यायले. घराचं दार बंद म्हणजे कोणाला बाहेर काढणार, ते कोणी विचारलं नाही.

गुरुवारी मदाफ्यात मेजवानी झाली. बारा मेंढे कापले, परातीत भात, त्यावर मटण, वर ताकाचा घट्ट रस्सा. सतरा घरांचे पुरुष शेखच्या खांद्यांना ओठ लावत होते. त्याच्यासारखा शेख झाला नाही, कुळासाठी काय काय केलं! पुतण्याने हवेत गोळ्या झाडल्या. हो, झाडल्या. शेख वंशवृक्षाखाली बसला होता आणि त्या तोंडाने पुन्हा तोच शब्द, असबिया.

मी मात्र त्या दिवशी खुशीत होते. हे सगळं माझ्या एका खोटेपणाने घडवलं होतं. मी वही दिली असती तर शेख मोकळा झाला असता आणि आम्ही ट्रकमध्ये. मी मुतलकलाही सांगितलं नव्हतं. भाताची परात घेऊन आईकडे गेले, तिला घास भरवला आणि कानात सांगितलं, सगळं, गादीखालच्या वहीसकट.

आई चावायची थांबली.

"मग आता कोण जातंय?"

"कोणीच नाही. आपण सुटलो."

"नौफा?"

"तिला... तिचं घर बंद करायचंय. ती मफ्रकला जाईल. शेखने कुणाची तरी खोली बघितली आहे म्हणे."

"एकटी?"

मी पुढचा घास उचलला. आईने तोंड बाजूला वळवलं. घास तसाच माझ्या बोटांत राहिला.

शुक्रवारी सकाळी मुतलकने आपली पिकअप नौफाच्या दाराशी लावली, कारण दुसऱ्या कोणी लावली नव्हती. मदाफा चाळीस पावलांवर. आत बैठक भरलेली, कपांचा आवाज बाहेर येत होता. एक माणूस बाहेर आला नाही. नौफाने दोन गाद्या, एक स्टोव्ह, भांड्यांची टोपली आणि कासिबचा कोट गाडीत ठेवला. मी खिडकीतून बघत होते. आईही बघत होती. मग ती म्हणाली, "मुतलकला बोलाव. मला उचलून गाडीत घालायला सांग."

"कुठे?"

"नौफाबरोबर."

मला वाटलं तिच्या डोक्यात काहीतरी झालं. मुतलक आला, त्याने समजावलं. "आई, आपल्याला जायची गरज नाही. आपल्याला मुभा मिळाली आहे."

"तुम्हाला मिळाली. तुम्ही राहा."

"तू वाटेत मरशील!" मी ओरडले. "डॉक्टर म्हणाला... आई, तुझ्यासाठी केलं ग मी सगळं! तुला इथे, बाबांच्या शेजारी..."

"तुझे बाबा गेले तेव्हा चाळीस दिवस ही बाई माझ्या उशाशी झोपली. त्यांना कळेल. ते नाही रागवायचे." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, आणि हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, "तू हुशार आहेस वद्हा. सगळं ओळखलंस. पण चार घरं टाकून तिच्याकडे जाऊन आली असतीस तर झालं असतं."

मुतलकने तिला उचललं. वजन काही राहिलंच नव्हतं तिचं. गादी मागे पसरली, उशा लावल्या. नौफा आधी आईचं नाव घेत "नाही, नाही, फिद्दा, अल्लाची शपथ तुला" करत राहिली, मग तोंडावर पदर ओढून तिच्या पायाशी बसली आणि तिचे पाय मांडीवर घेतले.

गाडी सुरू झाली तेव्हा कुठे मदाफ्याचं दार उघडलं. शेख धावत आला. पायात चपला उलट्या.

"काकी, हे काय? उतर खाली! मुतलक, थांबव! मी दीडशे गाड्या घेऊन तुला सोडवलं आणि तू आपणहून चाललीस? लोक काय म्हणतील? आल-तुवैरिश काय म्हणतील?"

"हाइल," आई म्हणाली, "बाजूला हो रे बाळा. गाडीखाली येशील."

तो बाजूला झाला. दारात आता सगळे उभे होते, सतरा घरांचे पुरुष, हातात कप. कोणी छातीवर हात ठेवला, कोणी तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटली. पायरी कोणी उतरलं नाही. मीही उंबऱ्यातच होते. दहाला माझा तास होता असं मी स्वतःला सांगत होते, आणि शुक्रवारी शाळा नसते हे मला ठाऊक होतं.

गाडी ऑलिव्हच्या बागेकडे वळली. मी हात वर केला. आईने पाहिलं नाही. ती नौफाच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट करत होती.